दोनशे अठ्ठ्याऐंशी खुणा

मी खाली सही करणार, वय ५४ वर्षे, धंदा घरकाम व घरच्या घरी शिवणकाम, राहणार ज्या घराच्या गॅरेजमध्ये घटना घडली त्याच घरात, आज सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते, ते पुढीलप्रमाणे.

मला कोणी बोलावलेले नाही. माझ्या पतींच्या जबाबात "घटनेच्या वेळी गॅरेजमध्ये मी आणि मयत यांच्याखेरीज कोणी नव्हते. मयताला अलीकडे विसरायला होत असे, त्याच्याच विसरण्यामुळे अपघात झाला" असे लिहिले आहे, हे मला काल समजले. त्यातले पहिले वाक्य चूक आहे. दुसरेही चूक आहे. म्हणून आले.

आमच्या घरी मी आणि माझे पती, वय ६०, नोकरीतून निवृत्त, असे दोघेच राहतो. आम्हाला अपत्य नाही. स्वयंपाकघरातून एक दार गॅरेजमध्ये उघडते. तेथे लाल रंगाची, दोन माणसांची, टप उघडता येणारी जुनी स्पोर्ट्स कार आहे. ती पतींनी लग्नाआधी घेतली. ती घरात आधी आली, मी नंतर आले, आणि क्रम पुढेही तोच राहिला.

मयत हे पतींचे शाळेपासूनचे मित्र. वय ६२, धंदा मोटार मेकॅनिक, आमच्या मागच्या गल्लीत स्वतःचे गॅरेज. इंजिनाला हात न लावता नुसत्या आवाजावरून दोष सांगत, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. मी त्यांना भावजी म्हणत असे.

पंचवीस वर्षांपूर्वी पतींना परदेशात कारखान्यात नोकरी लागली. दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे रजा. जाण्याआधी गाडी झाकून ठेवायची होती, ते काम भावजींनी केले. पेट्रोल काढले, पाणी काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडले, धुराड्यात कापडाचा बोळा घातला. मग सांगितले की दर महिन्याच्या एक तारखेला इंजिनाच्या पुढचा मोठा नट पान्याने पाव फेरा फिरवायचा, म्हणजे आतले भाग गंजून धरणार नाहीत. मालक कायमचा परत येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, नुसते इंजिन हाताने फिरवायचे.

भावजींची एक पद्धत होती. काम संपले की नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. पुढे कोणी पाना लावला की ठिपका तुटतो आणि कळते. त्या मोठ्या नटावरही त्यांनी ठिपका दिला आणि हसून म्हणाले की वहिनी, पहिल्या तारखेला तुम्ही हा मोडलात की माझी जबाबदारी संपली, तुमची सुरू.

पतींनी गॅरेजच्या भिंतीवर खडूने रकाने आखून दिले. फिरवले की त्या महिन्याच्या रकान्यात बरोबरची खूण करायची. पाना कसा धरायचा ते त्यांनी मला तासभर शिकवले. पाना माझ्या हाताएवढा लांब होता. तेव्हा मला पाचवा महिना होता. ते म्हणाले, "पोट सांभाळून वाक, मडगार्डला ओरखडा जाईल."

साहेबांनी मुद्द्याचे बोला असे सांगितले. मी मुद्द्याचेच बोलते आहे.

पहिल्या दोन महिन्यांत मला वाकता येत नव्हते. तिसऱ्या महिन्यात मी अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले त्याच दिवशी दुपारी पतींचा फोन आला. तेव्हा फोन तीन मिनिटांचा असे. त्यांनी आधी विचारले, "इंजिन फिरवलंस का?" मी "फिरवलं" म्हटले. मग टायरमध्ये हवा आहे का ते विचारले. मग माझी तब्येत विचारली. मुलगी राहिली नाही हे मी तेव्हा सांगितले. तेवढ्यात तीन मिनिटे संपली. संध्याकाळी मी भिंतीवर तिन्ही महिन्यांच्या खुणा एकदम केल्या.

त्यानंतर दर एक तारखेला मी खूण केली. पाना खिळ्यावर होता तो तेथेच राहिला. एकही तारीख चुकवली नाही, आजारपणातही नाही. फोनवर ते विचारत, मी "फिरवलं" म्हणे. रजेवर आले की ते आधी भिंतीपाशी उभे राहत, बोट फिरवून खुणा मोजत आणि मला शाबासकी देत. गाडी पुसत, तीत बसत. बोनेट उघडून नट पाहावासा त्यांना कधी वाटला नाही, कारण ते काम माझे होते आणि मी चोख आहे अशी त्यांची खात्री होती. एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी खुणा आहेत. भिंत अजून तशीच आहे, साहेबांनी येऊन पाहावी.

मागच्या वर्षी पती कायमचे परत आले. आठवड्याच्या आत त्यांनी भावजींना बोलावले. भावजींनी नटाला पाना लावण्याआधी वरून प्लग काढले आणि आत बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. पिस्टन गंजून सिलिंडरला धरले होते. इंजिन जाम. भावजी म्हणाले की हे फिरवलेलेच नाही. पतींनी त्यांना दंडाला धरून भिंतीपाशी नेले आणि म्हणाले, "हे बघ. माझ्या बायकोनं चोवीस वर्षं नेम पाळला. तुझं एक दिवसाचं काम होतं, आणि तू तेल टाकायला विसरलास."

भावजींनी माझ्याकडे पाहून विचारले, "वहिनी, पाना कधी जड गेला का?" मी म्हटले, "नाही."

ते दोघे जेवायला घरात गेले तेव्हा मी त्यांना वाढून गॅरेजमध्ये आले. बोनेट उघडेच होते. मोठ्या नटावरचा पिवळा ठिपका जशाच्या तसा होता, नुसता धुळीने मळलेला. मी चिंधी रॉकेलात भिजवून तो पुसून काढला. पाच मिनिटे लागली. हात धुऊन आत गेले आणि दोघांना ताक दिले.

जेवण झाल्यावर भावजी पुन्हा गॅरेजमध्ये गेले व बॅटरीच्या उजेडात नट पाहिला. मग म्हणाले की ठिपका नाही, म्हणजे पाना लागत होता, म्हणजे चूक माझीच. त्यांनी पतींची माफी मागितली. मी भांडी आवरत होते.

यानंतर पतींनी ही गोष्ट जुन्या गाड्या बाळगणाऱ्या त्यांच्या मंडळात सांगितली. कानसेनचा विसरसेन झाला हा विनोद पतींचाच. लोक हसले आणि आपापल्या गाड्या भावजींच्या गॅरेजमधून घेऊन गेले. मला तो विनोद घरी दोनदा ऐकवण्यात आला. मी हसले होते.

भावजींनी भरपाई म्हणून दुसरे इंजिन बसवून द्यायचे कबूल केले. ठोकर लागून मोडीत निघालेल्या एका नव्या गाडीचे इंजिन आणले. जुने इंजिन साखळीच्या कप्पीने उचलून कोपऱ्यात ठेवले, ते अजून तेथे आहे. नवे जुन्या जागेत बसेना. त्यासाठी इंजिन ज्यांवर बसते त्या बैठका कापून पुन्हा वेल्डिंग करून घेतल्या, रेडिएटर पुढे सरकवला, बॅटरी डिकीत नेली. या कामाला आठ महिने लागले. ते रोज सकाळी नऊ वाजता येत, मजुरी घेत नसत, आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवत.

आठ महिन्यांत त्यांच्यात बदल झाला तो मी रोज पाहिला. आधी सर्व काम त्यांच्या डोक्यात असे, आता खिशात वही आली. बोल्ट आवळला की वहीत लिहीत, थोड्या वेळाने परत येऊन तोच बोल्ट तपासत, वही पाहत, तिसऱ्यांदा तपासत. पिवळा ठिपका देणे त्यांनी सोडून दिले. का म्हणून मी विचारले. म्हणाले, "वहिनी, ठिपका देणारा भरवशाचा असला तर त्याला अर्थ." मी त्यांना अजून एक चहा दिला. खरे सांगायला मला तेव्हा एक मिनिट लागले असते. असे एक मिनिट आठ महिन्यांत रोज होते.

का सांगितले नाही असे साहेबांनी विचारले. सांगितले असते तर पतींच्या डोळ्यांतला तो विश्वास गेला असता. मला त्या विश्वासाची चीड होती आणि त्याच्याशिवाय माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

घटनेच्या दिवशी, चौदा तारखेला, दुपारी साडेचार वाजता इंजिन पहिल्यांदा सुरू करायचे होते. गाडीची पुढची बाजू दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उचललेली होती, मागची चाके जमिनीवर. मागच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावलेले होते. ते मी स्वतः पाहिले, दोन्ही चाकांना होते. गाडी सरकू नये म्हणून गिअरमध्ये ठेवली आहे, चावीला हात लावू नकोस, हे भावजींनी पतींना मोठ्याने सांगितले. पतींनी "हो रे बाबा" म्हटले. मग भावजी इंजिनाच्या बैठकीचे बोल्ट एकदा परत बघतो म्हणून गाडीखाली गेले. ते चौथ्यांदा गेले. बोल्ट पहिल्यांदाच घट्ट झाले होते.

पती गाडीत बसून होते. बोनेट उभे असल्याने त्यांना समोरचे दिसत नव्हते. जुन्या इंजिनाची पतींना सवय होती. ते पहिल्या दोन चाव्यांना नुसते खाकरायचे आणि तिसऱ्या चावीला लागायचे, त्यामुळे आधी दोनदा चावी मारून घ्यायची, गिअर वगैरे बाकीचे नंतर पाहायचे. नवे इंजिन तसे नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होते. ट्रेमध्ये तीन कप होते. पतींनी मान न वळवता विचारले, "अगं, झालं का त्याचं? बाहेर आला का?"

मी म्हटले, "आला."

मी गाडीकडे पाहिलेले नव्हते. माझे तोंड भिंतीकडे होते.

पतींनी चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला लागले. गाडी ठोकळ्यांवरून उडी मारून पुढे गेली, घोड्या पडल्या आणि पुढचा भाग खाली बसला. पती गिअर काढून म्हणाले, "लागली! एका चावीत लागली." ते स्टिअरिंगवर हात मारत होते. मला गाडीखालून भावजींचे बूट दिसत होते. मी ट्रे खाली ठेवला, गाडीजवळ गेले आणि पतींना सांगितले. त्यांना ऐकू आले नाही, म्हणून परत सांगितले. ते उतरले आणि भिंतीला टेकून खाली बसले. इंजिन चालूच होते. चावी कोणत्या बाजूला फिरवायची हे मला माहीत नव्हते, गाडीत मला कधी बसवलेले नाही. शेवटी अंदाजाने बंद केले. त्यानंतर शेजाऱ्यांनी जॅक लावला व रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टरांनी तपासून मयत घोषित केले.

पतींनी जबाबात माझा उल्लेख केला नाही, तो मला वाचवण्यासाठी असेल असे साहेब म्हणाले. तसे नाही. मी काल घरी त्यांना विचारले. मी तेथे होते आणि काही बोलले, हे त्यांना आठवत नाही. ते खोटे बोलत नव्हते.

काल मी पतींबरोबर या ठाण्यापर्यंत आले होते, तेव्हा मयताची मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर वडिलांची वही होती. वडिलांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, येत्या मंगळवारची वेळ घेतली होती, असे ती म्हणाली. तिने मला विचारले, "काकू, बाबा तुमच्याकडेही विसरायचे का हो? मी त्यांना एकट्यानं काम करू द्यायला नको होतं का?" मी बसची वेळ झाली म्हणून उठले. बस कोणती ते मला माहीत नव्हते.

तिचे उत्तर मी येथे देते, ते तिला वाचून दाखवावे. तुझे वडील काहीही विसरलेले नव्हते. तेल त्यांनी चारही सिलिंडरमध्ये घातले होते, मी शेजारी बाटली धरून उभी होते. ठिपका त्यांनी दिला होता, तो मी पुसला. इंजिन मी मारले. त्यांचा स्वतःवरचा भरवसाही मीच मारला, आणि तो नव्हता म्हणून ते चौथ्यांदा गाडीखाली गेले.

मी मुद्दाम "आला" म्हटले का, असे साहेबांनी तीन वेळा विचारले. मयताशी माझे वैर नव्हते. त्यांनी विसळलेले कप मी परत धुवायची नाही, इतके मला ते बरे वाटत. पतींशी वैर होते का, याचे उत्तर होते असे लिहावे. मात्र त्या क्षणी मी कोणाचा विचार करून बोलले नाही. झाले का असे पतींनी विचारले की न पाहता हो म्हणायचे, हे मी चोवीस वर्षे करत आले होते. त्या दिवशीही तेच केले. याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. या जबाबाची प्रत माझ्या पतींना द्यावी. मी तोंडी सांगून पाहिले, त्यांनी मध्येच विचारले की गाडी पोलीस कधी सोडणार.

हा जबाब जमादारांनी मला दोन वेळा मोठ्याने वाचून दाखवला, दुसऱ्या वेळी मी मागितले म्हणून. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे व खरा आहे. सही कोठे करायची ते कळावे म्हणून जमादारांनी तेथे पेन्सिलीने बरोबरची खूण करून दिली होती. ती मी त्यांना खोडायला लावली. सगळी पाने एकेक करून स्वतः पाहिली आणि मग सही केली.