सिग्नलला दिवे बंद

हॅलो?… हो ताई, बोल. नाही गं, कामात नाही. अंगणात आहे, गाडीत बसलेय… अगं बाबांच्याच! दुसरी कुठली आहे आपल्याकडे?

नाही विकली अजून. तो माणूस चार वाजता येणार आहे… हो, तोच, ज्याने आधी पायपुसण्यांची चौकशी केली आणि मग इंजिनाची.

ताई, ऐक ना. सकाळी गाडी गॅरेजमध्ये नेली होती. म्हटलं, विकायची तर निदान धड उभी तरी राहू दे. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दहा मिनिटांत एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली… अगं, झडप. अंगठ्याएवढी. काळीठिक्कर.

मला तरी कुठे कळतं? त्याने दोनदा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेचं मोठं दार मिटतं. बरोबर? मग सिग्नलला गाडी नुसती उभी असते, तेव्हा इंजिनाने श्वास कुठून घ्यायचा? तर बाजूने एक बारीक वाट ठेवलेली असते आणि त्या वाटेवर ही झडप. दिवे लावले, एसी लावला की इंजिनावर भार येतो, मग ही आपोआप थोडी जास्त उघडते… हो, सांभाळून घेते. तेवढंच तिचं काम. जुन्या गाडीत तिथे काजळी धरते, ती अडकून बसते. मग पाय काढला की गाडी बंद.

हो, हो, झाली दुरुस्त. साफ करून बसवली त्याने. त्यासाठी नाही सांगत मी.

आठव ना जरा. तू आली होतीस तेव्हाची ती संध्याकाळ. तू मागे बसली होतीस. सिग्नलला बाबांनी दिवे घालवले… हो, आणि तू म्हणालीस, ‘बाबा, विसरलात!’ विसरले नव्हते गं. दिवे तसेच ठेवले असते तर गाडी तिथेच बंद पडली असती.

हो. एसीसुद्धा त्यासाठीच. भर उन्हात घामाघूम होऊन बसायचे. आणि आपण काय म्हणायचो? म्हातारपणी हट्ट वाढलाय.

फाटकापाशी कुंड्या फोडल्या ते?… तेही त्यामुळेच असणार. बोटं ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर, एकाच पायाने दोन्ही. गाडी बंद पडू नये म्हणून. पाय सटकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘यांना आता ब्रेक कुठला तेही कळेना,’ आणि आपण माना डोलावल्या.

बत्तीस वर्षं पाण्याच्या पंपावर काढली त्या माणसाने. घरी अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, आज दोन नंबरचा पंप दमलाय. आणि त्यांना आपण शिकवत होतो, गाडी ठणठणीत आहे, तुमचंच लक्ष नसतं.

काय?… हो. तू हे विचारणार, मला माहीत होतं. ‘तेव्हा दाखवली होती ना गॅरेजमध्ये, मग त्याला कसं सापडलं नाही?’

…

दाखवलीच नव्हती.

…मी. हो. ताई, मधे बोलू नकोस, नाहीतर राहून जाईल. बाबा म्हणाले होते, ‘एकदा नीट दाखवून आण. दोष नाही निघाला तर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही.’ मी गाडी घेऊन निघाले. वाचनालयासमोर झाडाखाली लावली. दोन तास आत पुस्तक वाचत बसले. परत आले आणि सांगितलं, ‘बाबा, गाडीत काही नाही.’

का म्हणजे? भीती वाटली होती. दोष निघाला असता तर चालवत राहिले असते ते.

…अगं, येताना माझ्याच हातात बंद पडली! दोनदा. मला वाटलं, मला सवय नाही.

बाबा?… आधी गाडीत डोकावून आले. मग म्हणाले, ‘तर मग माझाच पाय चुकत असेल.’ चाव्या स्वतः आणून टेबलावर ठेवल्या. आणि त्या पातळ तळव्यांच्या चपला, गाडी चालवायच्या वेगळ्या होत्या ना, त्या पुसून कपाटात ठेवल्या… हो, अजून तिथेच आहेत. त्यानंतर सात महिनेच होते ते. दवाखाना सोडून कुठे गेले का, सांग.

ताई?… आहेस ना?… नाही, तू फक्त म्हणालीस, चाव्या काढून घे. खोटं मी बोलले. वाटून घेऊ नकोस, तुझ्या वाट्याला ते येत नाही.

तेच तर सकाळपासून छळतंय. गाडीत डोकावले ते किलोमीटर बघायला. रोजची सवय त्यांची. गॅरेज नऊ किलोमीटर, वाचनालय दोन. त्यांना आकडा कळला नसेल?… मग कळूनसुद्धा चाव्या दिल्या? की स्वतःवरच शंका घ्यायला लागले होते? दोन्हीतलं जास्त वाईट कुठलं, मला ठरवता येत नाही.

…हो, रडतेयस ते ऐकू येतंय. रड. मी गॅरेजवाल्यासमोर रडून घेतलं. बिचारा म्हणाला, ‘बाई, झडपच आहे, गाडी नाही गेली.’

चालूच आहे गं, कधीची. तुला आवाज आला नाही ना? इतकी शांत झालीये… थांब, फोन खिडकीबाहेर धरते. ऐक.

…आलं ऐकू?

दिवे लावून? आत्ता?… बरं. थांब, पाय काढलाय, दोन्ही पाय लांब आहेत. लावते हं.

…

ऐकलंस? जरा दबला आवाज… आणि सावरला.

हो. एवढंच होतं ते.

फाटक वाजतंय. तो आला वाटतं… माहीत नाही, ताई. त्याला काय सांगायचं ते माहीत नाही. थोडा वेळ थांबेल तो बाहेर… नाही, दिवे नाही घालवत. राहू देत. ठेवते.