बोर्डिंगातला अबोला

"हॅलो? … हो, शुक्रवार पेठेतला दवाखानाच. … मीच बोलतेय, अक्का. मुक्ता."

कंपाउंडर जोतीरामने रिसीव्हर पुढे केला तेव्हाच मुक्ताने ओळखलं होतं. शाळेच्या ऑफिसातून फोनवर एवढं ओरडणारी बाई एकच, तिची सख्खी थोरली बहीण. अक्का, म्हणजे सोजरबाई, मुलींच्या बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंट होत्या आणि मुक्ता त्याच हायस्कुलात सायन्स शिकवायची. समोरच्या बाकावर मॅट्रिकच्या वर्गातली सिद्धम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"हो, मीच आणलं तिला. … न विचारता, हो. तुला विचारलं असतं तर सोडलं असतंस? … मग!"

"… कुठली गाडी? … दुपारची? एकटीला? अगं, जिच्या तोंडून शब्द फुटत नाही तिला गावी, दुधनीच्या गाडीत बसवणार? कुणी विचारलं, पोरी कुठं उतरायचंय, तर काय सांगेल ती?"

"… तारही केलीस? तिच्या वडलांना, मडिवाळप्पांना? … 'मुलगी हट्टी, स्टेशनवर उतरवून घ्या.' … वा! अक्का, भावकी आधीच त्या बापाच्या मागं लागलीय, पोरीला शिकवून काय करतोस म्हणून. ही आज घरी गेली की परत येत नाही. लग्न लावून मोकळे होतील. मॅट्रिक राहिली बाजूला. … काय? … शिस्त? शिस्तीचं मला सांगू नकोस!"

जोतीराम चूर्णाच्या पुड्या बांधण्यात फारच गढून गेला.

सोजरबाईंच्या बोर्डिंगात छडी नव्हती आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. छडीच्या जागी अबोला होता. चुकलेल्या मुलीशी कुणी बोलायचं नाही, स्वयंपाकीणबाईंनीसुद्धा नाही. तिने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर उभं राहून माफी मागितली की अबोला सुटायचा. सिद्धम्माची चूक म्हणजे ती प्रार्थनेत हसली होती. शेजारची शेळी मागच्या दाराने आत शिरली आणि नेमकी सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून ओरडली.

"मी असते तर मीही हसले असते. … तूसुद्धा! अप्पांच्या श्राद्धाला भटजी शिंकले तेव्हा पदरात तोंड लपवून कोण बसलं होतं? … बरं, राहू दे ते."

"… नाही, हट्ट नाही. … पहिल्या दिवशी असेल, ते मी कबूल करते. शेळीपायी माफी कशाला, असं वाटलं असेल. पण नंतर ती उभी राहिली ना? सगळ्यांपुढं राहिली ना? … तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. आणि तू काय केलंस? ताठा आहे म्हणून अबोला वाढवलास! … अगं ऐक तरी! बोलल्याशिवाय तुझी शिक्षा सुटत नाही, आणि शिक्षेनंच तिचं बोलणं गेलंय. मग तिनं सुटायचं कसं? सांग की!"

"… हो, तपासलं डॉक्टरांनी. आरसा घालून घसा बघितला. लाली नाही, सूज नाही. खोकायला लावलं तर खोकला खणखणीत. … हो, आवाजासकट. … थांब! सोंग नव्हे! मला पुरं बोलू दे!"

सिद्धम्मा दचकली. मुक्ताने हात हलवून, तुला नाही गं, अशी खूण केली आणि आवाज खाली आणला. राग मात्र होता तिथेच होता.

"सोंग करणारी पोरगी खोकतानाही आवाज दाबेल. हिला ते सुचलंच नाही. … काल वर्गात चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायला लावलं, निवळी दुधासारखी पांढरी झाली. छाती ठीक, घसा ठीक. बोलायला गेली की मात्र सगळं बंद. डॉक्टर मागच्या लढाईत बसऱ्याला होते. तोफांखालून परतलेल्या शिपायांत हे बघितलंय म्हणतात. … हो, शिपायांत! तुझ्या बोर्डिंगात तोफेवाचून झालं. वाटू दे अभिमान."

"… बाहेरची बाधा? कोण म्हणतं? … अक्कलकोटला न्यायचं? खुशाल न्या, मी आड येत नाही. पण नेणाऱ्या बायका वाटेत तिच्याशी बोलणार का, तेवढं सांग!"

"… हॅलो? एक्स्चेंज, लाइन तोडू नका, बोलणं चालू आहे! … हां, अक्का."

"… औषध? आहे की. तू. … तू गं! तू आधी बोलायचंस तिच्याशी. आत्ता, या फोनवर. … मुली डोक्यावर बसतील? बसू देत! आता माना खाली घालून जेवतात. हिला भाकरी वाढायचीसुद्धा भीती वाटते त्यांना. एकीला शिक्षा दिलीस आणि भोगतंय सगळं बोर्डिंग. … तुला कशा सांगतील? घाबरतात तुला."

"… नाही, माफीचं नाव काढायचं नाही. साधं काहीतरी विचार. … मला काय ठाऊक काय! इतकी वर्षं पोरी सांभाळतेस. देते तिला."

सिद्धम्मा आधी मागे सरली. मुक्ताने रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. बराच वेळ गेला. मग सिद्धम्माने वर बघून मान हलवली. काहीच ऐकू येत नव्हतं.

"अक्का? … आहेस ना? मग बोलत का नाहीस? … सुचत नाही? … बघ. बोलायचंय आणि घशातून येत नाही. कळलं आता? … रडू नकोस. रडायचं ते मागनं. परत देतेय."

या वेळी रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. सिद्धम्माने कपाळाला आठ्या घातल्या, मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून मुक्ताकडे पाठ केली. तरी मुक्ताला ऐकू आलंच. सोजरबाई सिद्धम्माच्या घरच्या भाषेत, कन्नडमधून विचारत होत्या, जेवलीस का. भाजीवालीशी बोलण्यापुरतं कन्नड त्यांना यायचं, आणि तेही मोडकंतोडकं. एकदा विचारलं. पुन्हा विचारलं. पुन्हा.

"इल्ला," सिद्धम्मा म्हणाली.

नाही. शब्द खरखरीत, अर्धा तुटलेला होता, पण त्याला आवाज होता. जोतीरामच्या हातातली पुडी सांडली. सिद्धम्मा स्वतःच घाबरली आणि तिने रिसीव्हर मुक्ताच्या हातात कोंबला.

"ऐकलंस? … हॅलो? … हो, तिचाच. … आणते, टांग्यानं आणते. … दुसरी तार? तारेत काय मावणार, अक्का! तू स्वतः जा दुपारच्या गाडीनं. मडिवाळप्पा दुधनीला स्टेशनवर उभे असतील. त्यांना सगळं सांग. शेळीपासून सांग. … मी नाही. तू. … नाही, माझा राग गेलेला नाही. … ठेवते. पोरगी उपाशी आहे."