भाऊकीनं साफ केलेलं शेत

आमचे हे सोमवारी गेले. गुरुवारी भाऊकीनं आमचं शेत पेटवलं.

माहेर माझं किन्हीराजाचं, सासर मेडशीचं. बाबाले वाचायचा नाद, म्हणून मी शिकली, मास्तरीण झाली, आता रिटायर आहे. हे शेतकरी, पण माझीच पुस्तकं माझ्याआधी वाचून संपवत.

काय सांगू तुमाले, आमच्याकडे मिरगाच्या आधी धुरा पेटवायची रीतच आहे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्याच्यावरचं गवत, झुडपं, वावरातल्या तुराट्या, काडीकचरा, सगळ्याले काडी लावली की वावर पेरणीले मोकळं, आजे-पणजे हेच करत आले. ह्यांनी ते बंद केलं. कृषीवाल्या मॅडमच्या सभेतून आले अन् मले म्हणाले, जाळलं की त्यातला कार्बन धूर होऊन वर जाते, कुजवलं तर थोडा तरी मातीत राहते, झाडं तर हवेतलाच ओढून घेतात, मग आपण काहून जाळत बसायचं. तेव्हापासून तुरीचा पाला पडला तिथंच, सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, वावरातच, धुऱ्यावर पळस, निंब, बोरी, कंबरेएवढं गवत. लोकं हसत. माझा दीर म्हणे, वहिनी, दादाच्या धुऱ्यात वाघ बसला तरी दिसणार नाही. हे म्हणत, बसू दे, तो कोणाचं काय खाते. पण माती बदलली हो. पाणी पडलं की मुरायचं, हातात घेतली की चहापत्तीसारखी मोकळी. मी स्वतः हात लावून पाह्यली आहे.

मग हे गेले. जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. मी घरात सुतकात, भोवती बाया, मिरीग तोंडावर आलेला. धुराचा वास आला म्हणून विचारलं, कोणाचं वावर पेटलं, तर जाऊ म्हणाली, तुमचंच बाई, पोरं साफ करून राह्यले, आता तुमाले करणारं कोण आहे. संध्याकाळी दीर आला, भुवया जळालेल्या, हाताले फोड, म्हणाला, वहिनी, पेरणीची काळजी सोडा, आरशासारखं केलं वावर. भाऊ गेल्याच्या दुःखात दिवसभर उपाशी राबला होता. मी म्हणाली, पाणी प्या भाऊजी.

तेरवी झाल्यावर गेली वावरात. निंब उभ्याउभ्या जळालेला. पहिल्या पाण्यानं राख वाहिली, तिच्यासंगं वरची माती नाल्यात गेली. तेव्हा सांगितलं, भाऊजी, तुमच्या दादानं ते मुद्दाम राखलं होतं. तो म्हणाला, मले तं दादाचा आळस वाटे, सांगितलं काहून नाही कोणी? मी म्हणाली, सांगत होते ते, आपण सगळे हसत होतो.

आता गुडघे साथ देत नाहीत. वावर दिरालेच बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलं, अट एकच, काडी लावायची नाही. स्वतःचं वावर तो यंदाही पेटवते, म्हणे ट्रॅक्टरले अडचण होते. भांडायची ताकद माझ्यात राह्यली नाही. पण पेटवलं की पाण्याच्या कॅना भरून, हिरवी फांदी घेऊन आमच्या धुऱ्यावर उभा राहते, आग इकडं येऊ देत नाही. सुखी राहो बापडा.

पळस बुडातून फुटले आहेत. निंब गेला. परवा खुरप्यानं उकरून पाह्यलं, वीतभर खाली माती अजून काळी, चहापत्तीसारखी मोकळी आहे.