शेवटच्या पानावरचं नाव

(लातूर, गंजगोलाईमागची जुनी प्रेस. सकाळची वेळ. साप्ताहिकाचे मालक मल्लिनाथ, त्यांची मुलगी सुकन्या आणि चौतीस वर्षं प्रेसमध्ये असलेले शेषेराव.)

शेषेराव : न्हाई मालक, चहा ऱ्हाऊ द्या. आधी ह्या कागदाचं सांगा. काल पोलीस घरी आला तवा माझी बायकू सिंधू भाकरी थापायली हुती. त्यानं दारातूनच इचारलं, संपादक शेषेराव हाईत का? ती हरखली बिचारी. म्हनली, हाईत की, बसा. पाणी दिलं त्याला. अन् त्यानं समन्स काढून माझ्या हातावर ठिवलं.

मल्लिनाथ : अब्रूनुकसानीचं आहे ते. त्या सोयाबीनच्या बियाणेवाल्यानं निलंग्याच्या कोर्टात टाकलंय. पेपर चालवायचा म्हणल्यावर हे आलंच. घाबरतोस कशाला?

शेषेराव : घाबरत न्हाई, इचारायलोय. बियाणं बोगस निघालं ही बातमी तुमी लिवली. प्रूफ वाचताना मी म्हनलो होतो, मालक, हितं प्रयोगशाळेचा अहवाल म्हनताव, तो हाय का आपल्यापाशी? तुमी म्हनलाव, येतोय, पानात लाव तू. मी लावली. मग आरोपी नंबर एक शेषेराव कसा? तुमचं नाव कुठंच न्हाई. दोनदा वाचलं मी.

मल्लिनाथ : शेवटच्या पानावर खाली काय छापतो आपण? संपादक, मुद्रक, प्रकाशक शेषेराव. कायद्यानं जबाबदार तोच.

शेषेराव : ते तर तुमी मान म्हनून दिलं हुतं.

मल्लिनाथ : मानच आहे. मानाबरोबर थोडं खेकटं येतं.

शेषेराव : ताई, तुमी इतिहास शिकवताव कॉलेजात. ह्या ओळीचं काय हाय ते मला सरळ सांगा.

सुकन्या : ती ओळ इंग्रजांची आहे, काका. १८६७ साली त्यांनी कायदा केला, की प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव पाहिजे. पुढं संपादकाचंही घालायला लावलं. सरकारविरुद्ध काही आलं तर कुणाला धरायचं, ते शोधत बसायला नको. मधे देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा, जास्त कडक कायदाही आणला. इंग्रजी पत्रांना तो नव्हता. १८६७ चा कायदा आत्ता दोन वर्षांमागं बदलला. ओळ राहिली.

शेषेराव : म्हंजी धरायला सोपं जावं म्हनून.

सुकन्या : हो. मग आपल्या लोकांनी तोड काढली. लिहिणारा एक, नाव दुसऱ्याचं. पोलीस आले की नाववाला तुरुंगात जायचा आणि लिहिणारा पुढचा अंक काढायचा. काही जण समजून-उमजून जायचे. लोक त्यांना हार घालून पाठवायचे.

मल्लिनाथ : आता तेच सांग ना त्याला. ह्याचा आज्या रामलिंग तसाच गेला. १९३० साल. इकडं निजामाचं राज्य, पेपर काढायला परवानगी मिळत नव्हती. म्हणून माझे आजोबा गुरुपादप्पा सोलापुरात छापायचे आणि पेंडीच्या पोत्यांत घालून अंक औशाला आणायचे. सोलापुरात इंग्रजांनी धरपकड केली तेव्हा रामलिंग नऊ महिने येरवड्यात होता. तू त्याच्या नावाला जप, शेषेराव. निलंग्याला जा. मी लिहिलं, माझी चूक झाली, माफी मागतो म्हण. प्रकरण मिटलं.

शेषेराव : अन् न्हाई मिटलं तर?

मल्लिनाथ : मिटतंय रे.

शेषेराव : न्हाई मिटलं तर जेलात मी. अन् मिटलं तर खोटं लिवणारा म्हनून साऱ्या जिल्ह्यात मी. लई ब्येस. मालक, बसवजयंतीला तुमी मला शाल पांघरली, नारळ दिला. म्हनलाव, रामलिंगच्या नातवाचाच हक हाय संपादक ह्या नावावर. माझ्या डोळ्याला पाणी आलं हुतं. दुसऱ्या दिवशी कलेक्टर हापिसात नेलंव, तितं म्या संपादक म्हनून घोषणापत्रावर सही केली. माझं नाव आलेल्या पयल्या अंकातली ती ओळ कापून आज्याच्या फोटोखाली चिटकवली. माझ्या बापानं अर्धपोटी ऱ्हाऊन मला शाळेत घातलं ते कशापायी? आज्या संपादक हुता, पोराला वाचता आलंच पायजे म्हनून.

सुकन्या : काका, त्या दिवशीचं आप्पांचं भाषण मीच लिहून दिलं होतं. मला खरं वाटलं होतं ते.

मल्लिनाथ : सुकन्या, तू आत जा. विशेषांकाचं बघ.

सुकन्या : विशेषांकाचंच आहे, आप्पा. जुन्या वृत्तपत्रांवर लिहायचं म्हणून तुमच्या कपाटातली पणजोबांची पत्रं काढली. हे त्यातलं एक. त्यांनी बार्शीच्या भावाला लिहिलेलं.

मल्लिनाथ : ठेव ते खाली.

शेषेराव : वाचा ताई.

सुकन्या : "पोलिसांस नाव हवे आहे. मी गेलो तर पत्र बंद पडेल. म्हणून छापखान्यातील रामलिंग याचे नाव घातले आहे व कागदावर त्याचा अंगठा घेतला आहे. पगारवाढीचा कागद आहे असे सांगितले. त्यास अक्षरओळख नाही, सबब काय छापले हे तो कोणास सांगू शकणार नाही, हेही एक बरेच."

शेषेराव : अक्षरओळख न्हाई.

सुकन्या : नाही, काका.

शेषेराव : मंग आमच्या घरात चार पिढ्या... आमी काय सांगत बसलो ओ एकमेकाला? आज्या इंग्रजाइरुद्ध लिवायचा म्हनून पोरांना गोष्टी सांगितल्या. त्याला तर ठाऊकच नव्हतं कशापायी नेलं.

मल्लिनाथ : काळ तसा होता. इंग्रजांशी लढाई होती ती. एका माणसाचं बघायचं का देशाचं?

शेषेराव : इचारायचं तरी हुतं त्याला. देशासाठी चाल म्हनले असते तर गेला असता तो. आमी औशाचे हाव, भित्रे न्हाई. अन् आता कोनाशी लढाई हाय, मालक? बियाणेवाल्याशी? अहवाल नसताना लिवलं तुमी.

मल्लिनाथ : हे पत्र मला आत्ताच कळतंय, तुझी शप्पत. मी काही आजोबांसारखं—

शेषेराव : ताई, समासात निळ्या बॉलपेननं काय लिवलंय?

सुकन्या : "शेषेराव." पुढं प्रश्नचिन्ह. खाली तारीख आहे. बसवजयंतीच्या आधीचा महिना.

शेषेराव : दावा हिकडं. चौतीस वर्षं मालकाचं अक्षर वाचायलोय मी. कंपोजिटरला लागत न्हाई, पोरीला लागत न्हाई, मला लागतंय. हे तुमचंच हाय, मालक. एका महिन्यानं शाल आनली तुमी.

मल्लिनाथ : तुला कमी केलंय का मी कधी? पोरीच्या लग्नाला आठ दिवस तुझ्या दारात मांडव धरून उभा होतो.

शेषेराव : हाव, हुताव. म्हनून तर जास्त लागतंय. परक्यानं केलं असतं तर शिवी देऊन मोकळा झालो असतो. तुमाला शिवी बी देता येत न्हाई. ताई, कायद्यानं संपादक कोन हाय?

सुकन्या : तुम्हीच.

शेषेराव : काय छापायचं ते संपादक ठरवतो ना?

सुकन्या : हो.

शेषेराव : मंग हे पत्र विशेषांकात पयल्या पानावर घ्या. समासासकट.

मल्लिनाथ : डोकं फिरलं का तुझं? माझ्या आजोबांचं नाव आहे ह्या गावात. चौकाला नाव आहे त्यांचं. उद्याच्या उद्या काढतो मी तुला त्या ओळीतून.

सुकन्या : कलेक्टर कचेरीत नवं घोषणापत्र करावं लागेल, आप्पा. त्याला वेळ लागतो. अंक परवा निघतोय.

मल्लिनाथ : तू पण?

सुकन्या : भाषण मी लिहिलं होतं, आप्पा. ह्या पत्राबद्दलही मीच लिहिते.

मल्लिनाथ : शेषेराव, ऐक. कोर्टात काय सांगणार आहेस?

शेषेराव : हाय ते. लिवलं मालकानं, लावलं म्या. अहवाल न्हाई हे ठाऊक असून लावलं, ती माझी चूक. तेवढ्याची माफी मागीन. तुमच्या वाटची न्हाई मागनार.

सुकन्या : काका, शेवटच्या पानावर खाली नाव कुणाचं घालू? तुमची इच्छा नसेल तर मी अंकच थांबवते.

शेषेराव : माझंच ऱ्हाऊ द्या. फकस्त प्रूफ आधी मला दावा. वाचून मंग सही करतो.