पेंढ्याचं चाक

अगं, आमचे हे मला बघायला जव्हारहून मोखाड्याला आले, ते सायकलवर! पोशेऱ्याजवळ चाकातली हवा गेली. शेतातली एक बाई म्हणाली, "दादा, पेंढा कोंब ना आत!" यांनी टायरमध्ये भाताचा पेंढा ठासला आणि गचके खात आमच्या दारी पोचले.

मी पोहे नेले. यांनी मान वरसुद्धा केली नाही. नापसंत केलं, असंच मला वाटलं.

निघताना बघतात तर आमच्या बैलाने टायरमधला पेंढा ओढून फस्त केलेला! वडील ओशाळले. "थांबा, दुसरा पेंढा आणतो."

हे म्हणाले, "सावकाश आणा. तोवर अजून थोडे पोहे चालतील."

मी पुन्हा पोहे नेले. या वेळी मान वर होती.