राज्य गेलं, भाषण राहिलं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, बोरटोल्याचे सरपंच माननीय श्यामरावजी पारधी. सिहोऱ्याहून वाट वाकडी करून आलेले आणि चहा येईपर्यंत थांबण्याचं कबूल केलेले प्रमुख पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, माजी उपमंत्री आदरणीय बाबूलालजी टेंभरे. त्यांच्या शेजारी बसून आतापासूनच माझ्याकडे डोळे वटारून पाहणाऱ्या सौभाग्यवती निर्मलाबाई. आणि सतरंज्या कमी पडल्या म्हणून पोत्यांवर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी डोमा पटले, आपल्या नाट्यमंडळात तीस वर्षं खलनायकाची कामं करतो. खलनायकाला नुसतं मरायलाच दहा मिनिटं लागतात, हे आयोजकांनी लक्षात घ्यायला हवं होतं. असो.

पाहुण्यांच्या माहितीसाठी थोडं मागे जातो. आपण बाबूलालजींना 'मंत्रीजी' म्हणतो. नव्या पिढीला वाटतं, हे आडनाव आहे. तसं नाही. देश नवा होता, पहिली निवडणूक झाली होती, आपला भंडारा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. त्या सरकारात आपले बाबूलालजी उपमंत्री झाले. खातं होतं रस्ते आणि पुलांचं. आता उपमंत्री म्हणजे काय? मंत्री बोलतो, उपमंत्री मान डोलावतो. पण मंत्रीजींनी मान डोलावता डोलावता आपल्या नदीवरचा पूल मंजूर करून घेतला! पायाभरणी ठरली छप्पन साली, दिवाळीच्या नंतरच्या आठवड्यात. भाषण लिहून झालं, निर्मलाबाईंना दोनदा ऐकवून झालं.

आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर काय झालं? पुढारी निवडणूक हरतात, हे आपण पाहतो. खुर्ची जाते, तेही पाहतो. आमचे मंत्रीजी हरले नाहीत, कुणी त्यांना काढलंही नाही. त्यांचं राज्यच गेलं! राज्यांची नवी वाटणी झाली, आपण मुंबईकडे आलो, मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि मंत्रीजी मधल्या मधे राहिले. मुंबईवाले म्हणाले, हे भोपाळचे. भोपाळवाले म्हणाले, हे आता मुंबईचे. माजी मंत्र्यांचे सत्कार इकडेही झाले, तिकडेही झाले. आमंत्रण कुठूनच आलं नाही. पुलाचंही तेच झालं.

पण त्या वर्षीच्या मंडईचं आमंत्रण आमच्या नाट्यमंडळानं त्यांना आधीच देऊन ठेवलं होतं. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक होतं आणि उद्घाटकानं नारळ फोडल्याशिवाय पडदा वर जात नाही, हे पाहुण्यांना मी सांगायला नको. आम्हाला वाटलं, आता हे कशाला येतात? पण आले. सरकारी मोटार परत गेली होती, म्हणून बैलांच्या रेंगीत बसून आले. नारळ फोडला. आणि खिशातून तेच भाषण काढलं!

"बंधू-भगिनींनो, आज या पुलाचा पाया घालताना..." समोर ना पूल, ना नदी. मागे पडदा, त्यावर राजवाडा. "या दगडावर हात ठेवून मी सांगतो" असं वाक्य आलं, तेव्हा दगड नव्हता म्हणून त्यांनी पेटीवर हात ठेवला. पेटीवाल्या नत्थूला वाटलं, सूर मागताहेत. त्यानं सूर दिला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यांना वाटलं, नाटक सुरू झालं.

तेव्हापासून दर मंडईला तेच भाषण. एक वाक्य कमी नाही, एक जास्त नाही. गावाला ते पाठ झालं. मंत्रीजी जरा अडखळले की मागून बायका पुढचं वाक्य सांगायच्या. "दोन वर्षांत तुमच्या बैलगाड्या या पुलावरून जातील" हे तर अख्खा मांडव एका सुरात म्हणायचा. आम्ही हसायचो. मंत्रीजी मात्र दरवेळी ते गंभीरपणेच म्हणायचे. एका वर्षी मी त्यांना सुचवलं, "मंत्रीजी, यंदा भाषण बदलवा ना जी." ते म्हणाले, "काहून? पूल झाला का?"



आता येतो या उन्हाळ्यावर. अखेर पूल झाला. कोणी केला, कसा झाला, याचं श्रेय घ्यायला इतके लोक पुढे आले आहेत की मी त्या गर्दीत शिरत नाही. उद्घाटनाला मुंबईहून मंत्रिमहोदय आले. मंडप, फीत, बँडबाजा सगळं होतं. फक्त आमच्या मंत्रीजींना कुणी बोलावलं नव्हतं. ज्यांनी पत्रिका छापल्या, त्यांना असा माणूस आहे हेच ठाऊक नव्हतं.

मंत्रिमहोदयांनी फीत कापली, बँड वाजला. ते म्हणाले, "चला, पूल तुमचा आहे!" आणि आपण काय केलं? आपण सगळे खाली बसलो! ठरवून नाही हो. कुणी कुणाला खूण केली नाही. इतक्या वर्षांची सवय. समोर मंच आहे, माणसं आहेत, पण आपला नारळ फुटलेला नाही. म्हणजे अजून सुरू व्हायचं आहे. बैलगाड्याही उभ्याच राहिल्या. साहेबलोक घाबरले. त्यांना वाटलं, मोर्चा आहे.

मंत्रिमहोदयांनी पुढे बसलेल्या आपल्या कुंताबाईंना विचारलं, "आजी, काय मागणी आहे तुमची?"

कुंताबाई म्हणाल्या, "मागणी काही नाही, बाप्पा. मंत्र्याची वाट पाहून राहिलो."

"पण मंत्री मीच आहे!"

"तुमी असान जी. आमचा घरी हाये."

मला पिटाळलं घरी. मंत्रीजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "बिनबोलावता मी लग्नालेही जात नाही." निर्मलाबाई म्हणाल्या, "मंडईले तं जाता." ते म्हणाले, "नाटक आपलं हाये. पूल त्यायचा हाये."  मी एवढंच म्हणालो, "मंत्रीजी, पब्लिक उन्हात बसून आहे." ते ताडकन उठले. पब्लिकला ताटकळत ठेवणं त्यांना कधीच जमलं नाही. टोपी घातली, रेंगीत बसले.

पुलावर आले. नारळ फोडला. त्या मंत्रिमहोदयांचं मी कौतुक करतो, ते स्वतः बाजूला सरकले आणि माईक दिला. मंत्रीजींनी सुरुवात केली, "बंधू-भगिनींनो, आज या पुलाचा पाया घालताना..." आपणही सवयीनं सोबत म्हणू लागलो. आणि ते वाक्य आलं, दोन वर्षांचं. आपण सगळ्यांनी ते जोरात म्हटलं. मंत्रीजी गप्प. मागून बायकांनी पुन्हा सांगितलं. तरी गप्प. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, चुना अजून ओला होता, पंजा पांढरा झाला. मग म्हणाले, "दोन वर्षं म्हणत होतो. लय उशीर झाला. माफ करजा."

बस, एवढंच बोलले. मी तुम्हाला विचारतो, अध्यक्ष महाराजांनाही विचारतो: दिलेली वचनं विसरणारे पुढारी आपण पुष्कळ पाहिले. पण जे वचन द्यायची पाळीसुद्धा आली नाही, जे नुसतं नाटकाच्या पडद्यापुढे दिलं, त्याची माफी मागणारा कुणी पाहिला आहे का? मी तर नाही पाहिला.

त्यानंतर काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. यंदाच्या मंडईत मंत्रीजींनी नारळ फोडला आणि एक शब्द न बोलता खाली उतरले. मांडवात काही मजा राहिली नाही. नत्थूनं दोनदा सूर देऊन पाहिला. शेवटी मी विचारलं, तर म्हणाले, "पूल झाला. आता माह्यापाशी बोलाले काय हाये?" आणि आठ दिवसांत बातमी आली की, ते लेकीकडे मध्यप्रदेशात, बालाघाटला कायमचे राहायला चालले. ज्या राज्यानं त्यांना असं मधेच सोडलं, त्याच राज्यात, आणि तेही याच पुलावरून. आता यावर हसावं की रडावं, मला कळत नाही. मला रडू येतं, एवढं सांगतो. गावात माणूस असताना आपण त्याची गंमत केली, आणि तो गप्प झाला तेव्हा आपल्याला कळलं की, आपण त्याचं ऐकतही होतो.

निर्मलाबाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे. आटपतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, चहा करणाऱ्या मंडळींचे आणि पोती देणाऱ्या राईस मिलवाल्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, कुणाला जास्त लागलं असेल, तर ते नाटकवाल्याचं बोलणं म्हणून पोटात घाला.

एक राहिलं. सकाळी शालीचा रंग विचारायला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा निर्मलाबाईंनी मला दारातच अडवलं. म्हणाल्या, "तुमचं भाषण लहान करा जी. यायले सत्काराले उत्तर द्याचं हाये. चार दिवसापासून लिवून राहिले, मले बी ऐकवलं नाही."

मंडळी, हे भाषण नवं आहे. आपल्यापैकी कुणालाच ते पाठ नाही. मंत्रीजी अडखळले, तर आज पुढचं वाक्य सांगायला मागून कुणी उठणार नाही. सावकाश बोलू द्या त्यांना. आपण ऐकू.