रद्द म्हणजे काय?

— नाही, नाही, पोचपावतीवर सही-बिही मी करायची नाही, आधी चहा घ्या. समितीची अध्यक्ष मीच, पण म्हणून कागद पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, ‘बाई, कोळशाचं वीजकेंद्र रद्द झालं’? रद्द म्हणजे काय? अहो, अकरा वर्षं विरोध केलाय आम्ही! मोर्चे काढले, कचेरीपुढे उन्हात बसलो, धुराडं जाळलं — कापडाचं हो, आमच्या शिंप्यानं शिवलेलं, पेटता पेटेना मेलं — आणि तुम्ही आज आरामात उठून येता आणि रद्द! आम्हाला विचारलंत?

आनंद? झाला की. का नाही होणार? पण घाई काय होती, मी म्हणते. दर गुरुवारी इथे बैठक असते, याच खोलीत, तेरा माणसं. थोरल्या जाऊबाई येतात — सोळा वर्षं अबोला होता आमचा, एका भिंतीवरून — त्या आता माझ्या शेजारी बसून फलक रंगवतात. मुलगा फोन करतो ना, ‘बरी आहेस ना’ विचारतो आणि मी हो म्हणेपर्यंत ठेवतोसुद्धा. आणि इथे तेरा जण विचारतात, ‘बाई, आता पुढे काय करायचं?’ मला विचारतात! शाळेतून निवृत्त झाल्यापासून कुणी काही विचारलं होतं मला?

आधीचं पत्र? कुठलं — हं, ते. चार वर्षांपूर्वीचं. आलं होतं, रद्द झाल्याचंच; पोचपावती मीच धाडली नाही. आहे गादीखाली. आता तोंडातून निघालंच आहे तर ऐका — दोनदा वाचलं, आणि गुरुवारी ‘हा सरकारचा डाव आहे, गाफील राहू नका’ म्हणून भाषण ठोकलं. काय टाळ्या पडल्या! मग कुठल्या तोंडानं सांगायचं? आमचे म्हातारे कंपाउंडर तर गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस उपाशी बसले — रद्द झालेल्या केंद्राविरुद्ध! चक्कर येऊन पडले. लाज वाटली हो, खरंच वाटली. पण सांगितलं असतं तर पुढच्या गुरुवारी कोण आलं असतं इथे?

— फाटक वाजलं. जाऊबाईच. द्या तो कागद इकडे. नाही, मागच्या दारानं नको, बघितलंय त्यांनी तुम्हाला. हे बघा, विचारलंच तर म्हणा, पाहणीला आलोय, काम लवकरच सुरू होतंय. एवढं बोला माझ्यासाठी — पाया पडते. या, या जाऊबाई! हे वीजकेंद्राचे साहेब. ऐका काय म्हणतायत ते. सांगा साहेब… अहो, माझ्याकडे काय बघताय? बोला की!